धनुष्य घासण्याआधी थांबा

मंडळी, खंडेनवमी जवळ आली की आपल्याकडे वाड्यावाड्यांतली जुनी हत्यारं बाहेर निघतात. आधी चिंच, राख, विटेची पूड असायची, आता थेट ग्राइंडर. परवा एका ओळखीच्या काकांकडे गेलो, तर अंगणात त्यांचा मुलगा पोलादी धनुष्याला पॉलिश पेपर मारत बसलेला. अर्धं धनुष्य आरशासारखं झालं होतं. "कसले तरी ठिपके नि पिवळ्या रेघा होत्या, डाग समजून काढले," म्हणाला. पोटात धस्स झालं.

धनुष्य आणि पोलादाचं? हो. त्या काळी उत्तम धनुष्य लाकूड, शिंग आणि जनावराचे स्नायू सरसाने जोडून करत. मारा जबर, पण पावसाळ्यात सरस मऊ पडायचा. पोलादी धनुष्याचा जोर कमी, मात्र शस्त्रागारात वर्षानुवर्षं पडून राहिलं तरी चालायचं.

पिवळ्या रेघा म्हणजे कोफ्तगिरी. पोलादावर बारीक आडव्यातिडव्या रेघा पाडायच्या आणि त्या खरखरीत भागावर सोन्याची केसासारखी तार ठोकून बसवायची. सोनं वरच्यावरच असतं. पॉलिश पेपरच्या चार हातांत गेलं की गेलं.

आणि ठिपके? तीच तर नोंद! टोच्याने एकेक ठिपका मारत अक्षरं काढायची रीत होती. बिकानेरचे महाराजा अनुपसिंह औरंगजेबाच्या बाजूने दख्खनमध्ये लढत होते. आजच्या आंध्रातला अदोनीचा किल्ला विजापूरच्या सिद्दी मसूदकडे होता, तो मुघलांच्या हाती पडला. तिथली हत्यारं बिकानेरला गेली. त्यांवर ठिपक्यांत अदोनीचं नाव आणि संवत १७४६, म्हणजे इ. स. १६८९. जिंकणाऱ्यांनी दख्खनी नक्षी खरवडली नाही, स्वतःची नोंद तेवढी घातली. त्यामुळेच आज संग्रहालयातली अशी कट्यार हातात आली की जाणकार छातीठोक सांगतो, ही १६८९ च्या आधीची. दख्खनी कारागिरीचा काळ ठरवायला याहून भक्कम पुरावे फार थोडे आहेत.

काकांच्या धनुष्यावर कोणाचं नाव होतं? अर्धं तर आता कधीच कळणार नाही. वर त्यांची समजूत, चकचकीत केलं की किंमत वाढते. उलट आहे हो! जाणता माणूस आधी खुणा बघतो. (आणि शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू परदेशात विकायचा कोणी सल्ला दिला तर ऐकू नका, १९७२ च्या कायद्याने ते चालत नाही.)

पूजेसाठी मऊ ब्रशने धूळ झाडा, सुती फडक्याने मशीन ऑइलचा पातळ हात फिरवा. बस्स. लिंबू, चिंच, ॲसिड काही नको. प्रत्यंचा चढवून ओढून बघायचा मोहही नको, जुनं पोलाद मोडू शकतं. अंधारात टॉर्च तिरपी धरलीत तर ठिपके उठून दिसतात, तेव्हा फोटो काढून ठेवा.

काकांनी उरलेलं अर्धं धनुष्य तसंच फडक्यात गुंडाळून ठेवलंय. रविवारी टॉर्च घेऊन जातोय. तुमच्याकडे असं काही असेल तर घासायच्या आधी कळवा, तिकडेही येतो.