मराठी एम. ए. आणि शेजारचा इंग्रजी विभाग

इंग्रजी साहित्याचा विद्यापीठीय अभ्यास आधी विलायतेत रुजला आणि मग तिथून आपल्याकडे आला, अशी समजूत प्राध्यापकवर्गातही आढळते. तारखा वेगळेच सांगतात. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र पदवी-शाखा १८९४ साली निघाली. केम्ब्रिजला इंग्रजीची स्वतंत्र ट्रायपॉस परीक्षा मिळायला १९१७ साल उजाडले. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. १८६२ साली रानडे-भांडारकरांची पहिली तुकडी तिथून पदवीधर झाली, तेव्हा ऑक्सफर्डचा विद्यार्थी ग्रीक-लॅटिन घोटत होता आणि आमच्याकडचा इंग्रजीच्या पेपरात नापास होण्याच्या धास्तीत होता.

हे असे का झाले, याची मांडणी गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ (१९८९) या ग्रंथात केली. १८१३ च्या सनदेने कंपनीवर एतद्देशीयांच्या शिक्षणाची जबाबदारी टाकली. कंपनीला नीतिशिक्षण हवे होते, पण उघड बायबल शिकवणे परवडणारे नव्हते. धर्माच्या बाबतीतली अलिप्तता मोडली तर राज्यच धोक्यात येईल, ही भीती होती. तेव्हा धर्मग्रंथाची जागा साहित्याने घेतली. मेकॉलेचे १८३५ चे टिपण सगळ्यांना ठाऊक असते. त्यामागची ही अडचण मात्र फारशी कोणाच्या ध्यानात नसते.

अर्थात ‘आधी भारतात, मग इंग्लंडात’ हे सूत्र जसेच्या तसे घेता येत नाही. एडिंबरोत ह्यू ब्लेअर १७६२ पासून वक्तृत्व आणि ललित साहित्याच्या अध्यासनावर होते आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १८२८ पासून इंग्रजीचे प्राध्यापकपद होते. परंतु यातून दिसते तेही सूचकच आहे. ऑक्सफर्डच्या उंबरठ्याबाहेर जे होते, त्या स्कॉटिश माणसांना, अँग्लिकन नसलेल्यांना आणि पुढे आपल्याला, इंग्रजी साहित्य ‘शिकावे’ लागले. उंबरठ्याच्या आतल्यांना ते घरचेच होते. त्याची परीक्षा कशाला घ्यायची?

मराठीच्या दृष्टीने निर्णायक घटना मात्र १८६० च्या दशकातली आहे. एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट हे ऑक्सफर्डमध्ये शिकलेले, अ‍ॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राचे अभ्यासक. विद्यापीठात शिकण्याजोगी भाषा म्हणजे अभिजात भाषा, हा त्यांचा संस्कार. त्यांच्या काळात विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा गेल्या. इंग्रजीच्या जोडीला संस्कृत, लॅटिन अशा भाषा राहिल्या. गंमत अशी की, ज्या न्यायाने ऑक्सफर्डने इंग्रजीला दाराबाहेर ठेवले होते, त्याच न्यायाने इथे मराठी दाराबाहेर गेली आणि इंग्रजी मात्र आत राहिली! न्यायमूर्ती रानडे यांनी मराठीसाठी दीर्घकाळ प्रयत्न केले. जानेवारी १९०१ मध्ये ते वारले आणि त्याच सुमारास देशी भाषांना एम. ए.च्या परीक्षेत प्रवेश मिळाला. तोपर्यंत जवळजवळ चार दशके गेली होती. या चार दशकांत मराठीत लिहिणारा सुशिक्षित माणूस वाङ्मयविचार करायला शिकला तो इंग्रजीच्या वर्गात.

ही सवय पुढे सुटली नाही. मर्ढेकरांचे पहिले सौंदर्यशास्त्रीय पुस्तक ‘आर्ट्स अँड द मॅन’ १९३७ साली इंग्रजीतच निघाले. विंदा करंदीकर इंग्रजीचे प्राध्यापक. अ‍ॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र त्यांनी मराठीत आणले. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत. भालचंद्र नेमाडे यांची एम. ए. इंग्रजीची आणि अध्यापनाची बरीच वर्षे इंग्रजीतली, त्यामुळे देशीवादाची सर्वांत खणखणीत मांडणीही इंग्रजीच्या अध्यापकाकडूनच झाली. यात विसंगती शोधणारे शोधोत. आम्हांला ते स्वाभाविक वाटते. ज्याने त्या घरात मुक्काम केला, त्यालाच त्याच्या भिंतींची जाडी कळते.

या परंपरेतले सर्वांत मोठे नाव आमच्या मते रा. भा. पाटणकरांचे. मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात असलेल्या या माणसाने ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) मराठीत लिहिली. इंग्रजीत लिहिती तर ती देशोदेशी वाचली गेली असती. मराठीत लिहिल्यामुळे त्यांना कांट, क्रोचे, विट्गेनश्टाइन यांच्याशी वाद घालता येईल असे मराठी वाक्य आधी घडवावे लागले. आमच्या पिढीचे मराठी एम. ए. कांटपर्यंत पोहोचले ते त्याच वाक्याच्या आधाराने; मूळ ग्रंथ उघडण्याचे धाडस नंतर आले.

मग ‘थिअरी’ आली. देरिदांनी १९६६ साली बॉल्टिमोरला दिलेले व्याख्यान, १९७६ साली कोलकात्याच्या प्रेसिडेन्सीत शिकलेल्या गायत्री स्पिवाक यांनी इंग्रजीत आणलेला त्यांचा ग्रंथ आणि १९७८ चे एडवर्ड सैद यांचे ‘ओरिएन्टॅलिझम’, हे सगळे यथावकाश आपल्या इंग्रजी विभागांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत उतरले. इंग्रजी साहित्य इथे कोणी, कशासाठी आणले, हा प्रश्न परीक्षेचा झाला. पण तो विचारला गेला इंग्रजीत आणि उत्तरपत्रिकाही इंग्रजीतच. गणेश देवी यांचे ‘आफ्टर अम्नेशिया’ (१९९२) मराठी आणि गुजराती साहित्यव्यवहाराच्या आधारे आपल्या विस्मरणाविषयी बोलते, तेही प्रथम इंग्रजीत. हा त्यांचा दोष नव्हे. चर्चेचा बाजार तिथे भरत होता. मात्र पाटणकरांनी जे कष्ट एकट्याने उपसले, ते उपसण्याची गरज इंग्रजी विभागांना आता फारशी वाटेनाशी झाली. आणि शेजारच्या मराठी विभागात ‘थिअरी’ पोहोचली ती बहुतांशी नावांच्या यादीच्या रूपाने: संरचनावाद, विरचना, वाचककेंद्री समीक्षा, प्रत्येकी पाच गुण.

सन्मान्य अपवाद आहेत. गंगाधर पाटील यांनी ‘समीक्षेची नवी रूपे’ मराठी विभागातून लिहिले. मिलिंद मालशे आणि अशोक जोशी यांचे ‘आधुनिक समीक्षा-सिद्धान्त’ २००७ साली मौजेने काढले, आणि आज मराठीच्या एम. ए.ला शिकणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांच्या हाती, बहुधा झेरॉक्सच्या रूपात, तेच असते. त्यातल्या परिभाषेवर ते वर्गात भांडतात. ‘विरचना’ म्हणजे मोडणे की उकलणे, यावर एक पूर्ण तास गेल्याचे आम्ही पाहिले आहे. तो तास मराठीत झाला होता.