कापडाला न कळणारी गाठ

दिवाळी झाली की आईला घेऊन इचलकरंजीला जायचं, हे यंदा पक्कं केलं आहे. कोल्हापूर-मिरज मार्गावर हातकणंगल्याला उतरायचं आणि तिथून एसटी धरायची. इचलकरंजीत रेल्वे येत नाही. पावसाळ्यात मात्र नको, असं आईने बजावलंय. २००५ आणि २०१९ चे महापूर आपण बातम्यांत पाहिले, पण पंचगंगेचं चढतं पाणी तिने लहानपणापासून पाहिलेलं. आज्जी घरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची. पाणी वाढतंय अशी कुणकुण लागली की ती आधी सुताच्या लडी माळ्यावर टाकायची, मग धान्याची पोती. सूत मालकाचं, भिजलं तर भरून कोण देणार!

आजोबा माग चालवायचे. त्यांचे वडील हातमागावर लुगडी विणत. गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला, जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या पाठबळावर. हातापायाशिवाय धोटा पळतो हे बघायला लोक कसे लोटले होते, ते आजोबा असं सांगत, जणू स्वतः तिथे उभे होते. ऐकलेलं होतं त्यांच्या वडिलांचं. त्या एका मागाचे पुढे हजारो झाले आणि जहागिरीचं गाव महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणवू लागलं. घोरपड्यांच्या राजवाड्यात आता वस्त्रोद्योगाचं शिक्षण देणारं महाविद्यालय आहे. पहिला थांबा तोच. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर याच संस्थानचे गवई. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारा गळा आणि मागांची खटखट, दोन्ही एकाच गावातले.

त्या खटखटीबद्दल आई सांगते, की वीज गेली आणि माग थांबले की पाळण्यातली पोरं दचकून उठायची. शेडमध्ये शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसे, ओठ बघून समजून घ्यायचं. आमच्या घरात अजून सगळे मोठ्याने बोलतात. पाहुण्यांना वाटतं भांडण चाललंय.

आजोबांची मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. माग थांबला की मजुरीही थांबली. म्हणून तुटलेला धागा डोळ्याचं पातं लवेपर्यंत सांधावा लागे. म्हातारपणी त्यांनी मला ती गाठ शिकवायला घेतली. तुटलेली दोन टोकं डाव्या अंगठ्याखाली एकावर एक धरायची, एकाचा वेढा घ्यायचा, दुसरं त्यात घालायचं आणि ओढायचं. माझी गाठ मुगाएवढी व्हायची. ते ती नखाने चाचपून म्हणायचे, “ही फणीत अडकती बघ. अडकली की परत तुटती. गाठ अशी मार, की कापडाला कळू नये.” त्यांची गाठ मला बोटालाही लागत नसे.

त्या मागावर एकटे आजोबा नव्हते. सायझिंगमध्ये सुताला खळ देणारे, एकेक धागा वई आणि फणीतून ओवणारे वहिफणी कामगार, माग दुरुस्त करणारे जॉबर, कांडीवाले, कापडातले दोष काढणाऱ्या मेंडिंगच्या बायका, घडीवाले, हिशेब लिहिणारे दिवाणजी, इतक्या हातांतून गेल्यावर कुठे एक ठाण बाहेर पडे. यातल्या कुणाचं नाव ठाणावर छापलेलं नसे.

आता धोट्याविना चालणारे शटललेस माग आलेत आणि जुने साधे माग वजनावर भंगारात निघालेत. नदीवरही जायचं आहे. आई ज्या पाण्यात धुणं धुवायची, तिथे आता जलपर्णी पसरते, सांडपाणी मिसळतं, मेलेले मासे वर येतात. या गावाने आम्हाला भाकरी दिली, तिची किंमत नदीने मोजली. घाटावर गेल्यावर आईला ते दिसणारच, आणि मला ते तिच्यापासून झाकायचं नाही.

मी गावात राहिलेल्या आजोबांच्या वयाच्या माणसांची यादी करायला बसलो. आईने सात नावं सांगितली, चौकशी केली तेव्हा दोघंच उरली होती. म्हणून आता आणखी एक वर्ष पुढे ढकलायचं नाही. त्यांच्यापैकी एकाच्या घरी अजून चार साधे माग चालतात. तिथे धागा तुटेपर्यंत थांबेन म्हणतो. तुटला की विचारेन, “मी मारू का गाठ?”