दहा सेकंद: एआय १७१चा घटनाक्रम

१२ जून २०२५, अहमदाबाद. वेळा भारतीय प्रमाणवेळेनुसार, विमान अपघात तपास ब्युरोच्या प्राथमिक अहवालातल्या.

सकाळी ११.१७. दिल्लीहून आलेलं एअर इंडियाचं बोइंग ७८७-८, नोंदणी व्हीटी-एएनबी, धावपट्टीवर टेकतं आणि बे ३४वर जाऊन उभं राहतं. ते आणणाऱ्या वैमानिकांनी टेक लॉगमध्ये, म्हणजे तांत्रिक नोंदवहीत, एक तक्रार लिहिलेली आहे. शेपटीवरच्या आडव्या पंखाची स्थिती सांगणाऱ्या सेन्सरबद्दल पडद्यावर संदेश आला होता.

११.५५. याच विमानाने, एआय १७१ म्हणून, लंडनला जाणाऱ्या कर्मचाऱ्यांची श्वासचाचणी होते; सगळे उड्डाणाला योग्य ठरतात. दोन्ही वैमानिक मुंबईचे, आदल्या दिवशीच येऊन पुरेशी विश्रांती घेतलेले. केबिन क्रूमध्ये डोंबिवली, बदलापूर, पनवेलजवळचं न्हावा, पिंपरी-चिंचवड इथली तरुण मुलंमुली आहेत. महाराष्ट्राच्या किती घरांत या विमानाची बातमी शिरणार होती, हे या गावांच्या नावांवरूनच कळतं.

दुपारी १२.१०. ड्युटीवरचा इंजिनिअर सेन्सरची तक्रार ठरलेल्या पद्धतीने तपासून विमान उड्डाणाला मोकळं करतो. प्राथमिक अहवाल या तक्रारीचा अपघाताशी संबंध जोडत नाही. तरीही ती इथे नोंदवतो, कारण आधुनिक विमान स्वतःची किती बारीक खबर ठेवतं हे तिच्यातून दिसतं. इंजिनाच्या दोन फिरत्या भागांचा वेग, बाहेर पडणाऱ्या वायूचं तापमान, इंधनाच्या स्विचची स्थिती, सगळं वायरींतून रेकॉर्डरपर्यंत जातं.

१.१८. विमान बे सोडतं. आत २३० प्रवासी, १२ कर्मचारी. वजन २,१३,४०१ किलो, म्हणजे परवानगीच्या मर्यादेत. इंधन ५४,२०० किलो.

१.३७.३३. टॉवरकडून उड्डाणाची परवानगी मिळते. चार सेकंदांनी विमान धावू लागतं. विमान सहवैमानिकाच्या हातात आहे, कॅप्टन देखरेखीवर.

१.३८.३९. चाकं जमीन सोडतात.

१.३८.४२. वेग १८० नॉट, या उड्डाणातला सर्वाधिक. लगेच नंतर पहिल्या इंजिनाचा इंधन स्विच ‘रन’वरून ‘कटऑफ’वर गेल्याची नोंद होते. एका सेकंदाच्या अंतराने दुसऱ्याचाही. दोन्ही इंजिनांचा वेग उतरू लागतो.

इथे थांबायला हवं. हे स्विच दोन वैमानिकांच्या मध्ये, थ्रस्ट लिव्हरच्या खाली असतात. ते नुसते ढकलून सरकत नाहीत; आधी वर उचलावे लागतात, मग खाचेवरून पलीकडे न्यावे लागतात. ही कुलूपवजा सोय काही बोइंग ७३७ विमानांत सुटलेल्या अवस्थेत बसवलेली आढळली, तेव्हा अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने १७ डिसेंबर २०१८ रोजी सूचनापत्र काढलं. तशाच रचनेचा स्विच असलेल्या ७८७चाही त्यात उल्लेख होता. सूचना सल्ल्याच्या स्वरूपाची होती, बंधनकारक नव्हती, म्हणून एअर इंडियाने ती तपासणी केली नव्हती. या विमानातलं, हे स्विच ज्यात असतात ते थ्रॉटल कंट्रोल मॉड्यूल २०१९ आणि २०२३मध्ये बदललं होतं, आणि २०२३नंतर इंधन स्विचबद्दल एकही तक्रार नोंदलेली नव्हती. अपघातानंतर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने (डीजीसीए) देशातल्या संबंधित विमानांवर हीच तपासणी सक्तीची केली आणि एअर इंडियाने आपल्या ताफ्यात दोष आढळला नसल्याचं जाहीर केलं. तपासणीत काही सापडलं नाही, हे मान्य. पण तिच्यासाठी २६० माणसं जायची वाट पाहावी लागली, हे मला पटत नाही.

स्विच ‘कटऑफ’वर गेल्याच्या सुमारास कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात एक वैमानिक दुसऱ्याला विचारताना ऐकू येतो की, इंधन का तोडलं. दुसरा सांगतो की, त्याने तोडलेलं नाही. कुणी विचारलं आणि कुणी उत्तर दिलं, हे अहवाल सांगत नाही.

१.३८.४७. पोटाखालून बाहेर आलेली छोटी पवनचक्की, म्हणजे रॅट, हायड्रॉलिक दाब देऊ लागते. विमानतळाची भिंत ओलांडण्याआधीच उंची घटू लागलेली आहे.

१.३८.५२. दहा सेकंदांनी पहिल्या इंजिनाचा स्विच पुन्हा ‘रन’वर. १.३८.५६. दुसऱ्याचाही. इंजिनाचा संगणक आपणहून इंधन आणि ठिणगी देऊन ते पेटवू लागतो. तापमान चढतं, दोन्ही इंजिनं पुन्हा पेटतात. पहिलं सावरायला लागतं. दुसऱ्याचा घटता वेग थांबत नाही. संगणक त्याला पुन्हा पुन्हा इंधन देत राहतो. उंची असती तर कदाचित सावरायला वेळ मिळाला असता.

१.३९.०५. ‘मेडे, मेडे, मेडे.’ नियंत्रक कॉलसाइन विचारतो. उत्तर येत नाही.

१.३९.११. नोंद थांबते. विमान बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहाच्या इमारतींवर कोसळलेलं आहे. विमानातले २४१ आणि जमिनीवरचे १९ जण गेले. एक प्रवासी वाचला.

१.४४.४४. अग्निशमन गाडी विमानतळाच्या बाहेर पडते.

ढिगाऱ्यात दोन्ही इंधन स्विच ‘रन’वर सापडले. म्हणजे नुसत्या अवशेषांवरून निष्कर्ष काढला असता, तर ते कधी हललेच नाहीत असं वाटलं असतं. विमानातल्या दोन रेकॉर्डरपैकी मागच्याचं इतकं नुकसान झालं होतं की नेहमीच्या पद्धतीने त्यातून काही काढता आलं नाही. पुढच्या रेकॉर्डरमधून सुमारे ४९ तासांची माहिती आणि दोन तासांचा आवाज निघाला, आणि त्यामुळेच ते दहा सेकंद जगाला कळले.

पण वायर स्विचची स्थिती सांगते; त्या स्विचवर हात होता का, असला तर कुणाचा, हे सांगत नाही. ही पोकळी भरायला लोकांनी आणि वाहिन्यांनी अंदाज ओतले, आणि जे उत्तर द्यायला हयात नाहीत अशा दोन माणसांवर बोट रोखलं. त्यांच्या घरच्यांनी हे कसं सोसायचं?

अमेरिकेचं वाहतूक सुरक्षा मंडळ कॉकपिटमध्ये चित्रण करणारा रेकॉर्डर असावा, असं २०००पासून सांगत आलं आहे. वैमानिक संघटनांचा विरोध खाजगीपणाच्या मुद्द्यावर आहे आणि तो मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय कायद्याचा आहे: चित्रण फक्त तपास अधिकाऱ्यांनी पाहावं, ते फुटलं तर शिक्षा व्हावी. भारताने हा कायदा करून आपल्या विमानांत हा रेकॉर्डर सक्तीचा करावा, आणि सुरक्षेची सल्लावजा सूचना टाळणाऱ्या कंपनीला त्याचं कारण लेखी द्यायला लावावं.