तुळशीत भांग : परड्यातल्या एका झाडाचा इतिहास

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून भांगेचा विषय काढलेला पाहून काही श्रोत्यांच्या भुवया उंचावतील, याची आम्हांस कल्पना आहे. परंतु इतिहास म्हणजे काही केवळ गादीवर बसणाऱ्यांची आणि गादीवरून उतरवल्या जाणाऱ्यांची हकीकत नव्हे. माणसाच्या दारात जे उगवते, त्यालाही इतिहास असतो; आणि पुष्कळदा त्या इतिहासात राज्य, कायदा, शास्त्र आणि व्यवहार ही चारही एकमेकांना भेटतात. आज आम्हांला असेच एक झाड पाहावयाचे आहे.

‘तुळशीत भांग आणि भांगेत तुळस’ ही म्हण कोल्हापूरच्या पेठांपासून विदर्भापर्यंत सर्वांच्या तोंडी आहे. सज्जनांच्या घरी एखादा वाया गेलेला निपजावा, किंवा उलट व्हावे, असा तिचा अर्थ आपण घेतो, आणि तो बरोबरच आहे. पण म्हण हाही एक कागद आहे. इतिहासाच्या अभ्यासकाने तिला उलटसुलट प्रश्न विचारले पाहिजेत. तुळस आपण लावतो, तिला वृंदावन बांधतो, सकाळी पाणी घालतो. त्या वृंदावनात भांग कोणी लावली? कोणीच नाही. ती आपोआप उगवली, म्हणून तर म्हणीला अर्थ! न लावता, न बोलावता हे झाड घराच्या अंगणात येते, हा अनुभव ज्या समाजाला पुरेसा परिचित होता, त्याच समाजात ही म्हण रुजू शकते. म्हणजे ज्या गोष्टीने आजचा गृहस्थ दचकतो, ती आपल्या पूर्वजांना चांगली ओळखीची होती.

परंतु परड्यात उगवलेले प्रत्येक पंजासारख्या पानांचे झाड भांगेचेच असते असे नाही. पहिला घोटाळा येथेच होतो, आणि तो नावांचा आहे. इंग्रजी अंमलात ‘हेम्प’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या वनस्पतींना लावला गेला. एक आपली अंबाडी, दुसरा ताग, ज्याला सण असेही म्हणतात, आणि तिसरी खरी भांग. पहिल्या दोन्हींच्या सालीपासून वाख निघतो. आपल्याकडचे नाडे, कासरे आणि दावी पिढ्यान्‌पिढ्या याच वाखाने वळली गेली. मुंबई सरकारच्या गॅझेटियरमालेत कोल्हापूरचा चोविसावा खंड १८८६ साली निघाला. त्या काळच्या अशा इंग्रजी कागदांत ‘हेम्प’ दिसला, की येथे गांजाची शेते डोलत होती, असा निष्कर्ष काढणारा मनुष्य बिचाऱ्या अंबाडीवर विनाकारण आळ घेतो. अंबाडीचे शास्त्रीय नावच मुळी ‘हिबिस्कस कॅनॅबिनस’, म्हणजे ‘भांगेसारखी’ असे आहे! तिची पाने बोटांसारखी फाटलेली असतात, पण पान एकच असते, खोडावर बारीक काटे असतात आणि फूल फिक्या पिवळ्या रंगाचे, मध्ये गडद लाल डोळा असलेले असते. भांगेच्या पानाला सुट्या, लांबट, करवतीसारख्या दातेरी पर्णिका असतात; बहुधा पाच किंवा सात. फूल डोळ्यांत भरत नाही, वास मात्र लपत नाही. पावसाळ्यात येणाऱ्या पिवळ्या तिळवणीलाही वास असतो व पर्णिका असतात. पण त्या तीन ते पाच, कडेला दाते नसलेल्या, आणि झाड हाताला चिकट लागते.

असाच घोटाळा थंडाईचा. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींच्या गावात थंडाई म्हणजे कुंडीत घोटलेले बदाम, खसखस, मगजबी आणि दूध. उत्तरेकडच्या होळीची वर्णने वाचून आलेला पाहुणा तीत भांग शोधू लागला, तर पैलवान त्याला हसतो. नशेने कुस्ती होत नाही, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

आता खऱ्या भांगेकडे येऊ. या झाडाची आपल्या देशातील ओळख फार जुनी आहे. अथर्ववेदात भंगाचा उल्लेख आहे. पाणिनीने तर तिळाचे, उडदाचे, जवसाचे शेत यांच्या बरोबरीने भंगाच्या शेतासाठी शब्द कसा साधावा, याचे सूत्र दिले आहे. व्याकरणकाराला शेताच्या नावाची गरज पडते, ती शेत असते म्हणूनच. पुढे शार्ङ्गधरसंहितेने अंगात प्रथम पसरून मग पचणाऱ्या द्रव्यांचे उदाहरण म्हणून भांग व अफू यांची नावे घेतली. आमच्या शेजारच्या गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने ‘बांगे’वर स्वतंत्र संवाद लिहिला. युरोपच्या शास्त्रीय नामावळीत लिनियसने १७५३ साली ‘कॅनॅबिस सटायव्हा’ हे नाव घातले. लामार्कने १७८५ साली हिंदुस्थानी जातीला ‘इंडिका’ म्हणून वेगळे काढले. कलकत्त्यात १८३९ साली डॉक्टर ओशॉनेसी याने तिच्या औषधी उपयोगावर निबंध वाचला आणि तेथून ती विलायती औषधालयात गेली.

मग ती परड्यात कशी येते? याचे उत्तर उकिरड्यात आहे. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ वाविलोव्ह याने १९२६ साली दाखवून दिले, की काही झाडे माणसाने शोधून आणली नाहीत. तीच माणसाच्या मागे आली. वस्तीजवळची खतावलेली, उकरलेली जमीन त्यांना मानवते. भांग हे त्याचे ठळक उदाहरण. गोठ्यामागची, उकिरड्याकडेची, सांडपाण्याची जागा हे तिचे माहेर. चिलीम भरणारा मनुष्य गांजातले बी वेचून फेकून देतो. पिंजऱ्यातल्या पाखरांच्या खाद्यात भांगेचे बी असते, आणि पिंजरा झाडला की ते अंगणात पडते. उरलेले काम पाऊस करतो. आणि कोल्हापूरचा पाऊस या कामी कुचराई करीत नाही.

याहून चमत्कारिक गोष्ट अलीकडची आहे. आपण तिला ‘जंगली भांग’ म्हणत आलो. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात भांगेच्या ११० नमुन्यांची संपूर्ण आनुवंशिक रचना तपासण्यात आली. त्यावरून निष्कर्ष निघाला, की हे झाड पूर्व आशियात सुमारे १२,००० वर्षांपूर्वी माणसाने आपलेसे केले असावे, आणि आज जी झाडे रानटी दिसतात, ती मुळात शेतातून सुटलेल्यांची संतती आहेत. खरा रानटी पूर्वज बहुधा नष्टच झाला. म्हणजे परड्यातली भांग रानातून घरात शिरलेली नाही. ती घरातून बाहेर पडलेली, आणि पुन्हा दाराशी आलेली आहे!

आता राज्यसत्तेने या झाडाकडे कसे पाहिले ते पाहू. २ मार्च १८९३ रोजी ब्रिटिश पार्लमेंटात केन नावाच्या दारूबंदीवादी सभासदाने बंगालमधील गांजाविषयी प्रश्न विचारला. त्यातून त्याच वर्षी हिंदुस्थानभर चौकशी करणारे कमिशन नेमले गेले. मॅकवर्थ यंग हे त्याचे अध्यक्ष. सात सभासदांत मुंबई इलाख्यातील कलेक्टर ऑमनी होते, आणि तीन हिंदी गृहस्थही होते. कमिशनने १,१९३ साक्षी घेतल्या आणि १८९४ साली अहवाल दिला. मुंबई इलाख्यात गांजाची लागवड मुख्यतः अहमदनगर, सातारा व सोलापूर या जिल्ह्यांत होती. त्या वेळचा सातारा जिल्हा वारणेपर्यंत येत होता, आणि वारणेच्या अलीकडे करवीर संस्थान होते. त्याच १८९४ साली २ एप्रिलला शाहू महाराजांनी राज्याची सूत्रे हाती घेतली. म्हणजे गांजाचे शेत आणि कोल्हापूरचे राज्य यांच्यामध्ये एका नदीचे पात्र होते.

कमिशनचा निर्णय आजही वाचण्याजोगा आहे. माफक सेवनाने सर्वसाधारणपणे अपाय दिसत नाही, अतिसेवन अपायकारक आहे, आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही, असे त्याने म्हटले. वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदींत ‘गांजामुळे वेड’ असे जे शेरे होते, ते पुष्कळदा कोणतीही चौकशी न करता भरलेले होते, हेही त्याने उघड केले. आणि लागवड वेगळी, आपोआप उगवण वेगळी, हा भेद त्याने जपला. सरकारचा डोळा महसुलावर होता, हे खरे. परंतु ज्याने बी पेरले नाही त्याला पेरणारा ठरवू नये, हा साधा न्याय त्याला समजत होता.

पुढे काळ बदलला. १९२५ च्या जिनीव्हा करारात हिंदी भांगेचे नाव आले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि त्यात दारूबरोबर मादक वनस्पतीही आल्या. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने झाडाच्या फुलोऱ्यावर बंधन घातले, पण वाख व बी यांसाठी होणारी लागवड वगळली. अखेर १९८५ चा अंमली पदार्थांचा केंद्रीय कायदा आला. त्याने ‘गांजा’ची व्याख्या फुलोऱ्यापुरती ठेवली आणि फुलोऱ्याशिवायचे बी व पान तीतून वगळले, पानांचा, म्हणजे भांगेचा, विषय राज्यांच्या कायद्यांकडे राहिला. परंतु झाडाची विनापरवाना लागवड मात्र सरसकट गुन्हा ठरली. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड. शिवाय आपल्या जमिनीत बेकायदा लागवड असल्यास ती ताबडतोब कळविण्याचे कर्तव्य जमीनधारकावर आले, आणि तसेच कर्तव्य पंच, सरपंच व गावकामगारांवरही.

येथे आमच्या विषयातील खरा पेच आहे. कायदा ‘लागवड’ म्हणतो. झाड मात्र लागवडीवाचून उगवते. परड्यात दोन झाडे दिसली तर घरधनी गुन्हेगार, की केवळ उकिरड्याचा मालक? उत्तर प्रदेशातील एका खटल्यात दहा झाडे सापडली होती. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की अशी झाडे बी पडून नैसर्गिक रीतीनेही उगवू शकतात. आरोपीने ती लावली, जोपासली, याचा पुरावा पाहिजे. तो नव्हता, म्हणून त्याची सुटका झाली. जी गोष्ट आपल्या म्हणीला ठाऊक होती, ती सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात पोहोचली. मात्र तोवर त्या माणसाला खालपासून वरपर्यंत सगळी न्यायालये चढावी लागली, हेही विसरता कामा नये.

म्हणून शहाण्या गृहस्थाने काय करावे? प्रथम झाड ओळखावे, अंबाडीला फाशी देऊ नये. ते खरोखर भांगेचे असेल, तर ठेवून घेऊ नये, वाटू नये, गुपचूप जाळूही नये. शेजारच्या दोन प्रतिष्ठित माणसांना दाखवावे आणि पोलीस ठाण्यात लेखी कळवून पोच घ्यावी. न लावलेले झाड पहिल्या दिवशी निरपराध असते. ओळखून ज्याला पाणी घातले, ते झाड मात्र लावलेलेच होय. कायद्याची आणि नीतीची रेघ येथे एकच आहे.

आणि शासनाचे काय? उत्तराखंड राज्याने २०१८ मध्ये मादक अंश अत्यल्प असलेल्या भांगेच्या औद्योगिक लागवडीस परवाना दिला. वाखासाठी, बियांसाठी हे झाड पुन्हा शेतात येत आहे. पाणिनीच्या काळी जे शेत होते, १८९४ साली जे महसुलाचे साधन होते, १९८५ साली जो गुन्हा झाला, तेच आता परवान्याने पुन्हा पीक होऊ पाहत आहे. या सर्व काळात झाड फारसे बदलले नाही. बदलला तो त्याच्याकडे पाहणाऱ्याचा हेतू. आणि हेतू हा माणसाच्या ठिकाणी शोधावयाचा असतो, झाडाच्या ठिकाणी नव्हे, एवढे ज्या राज्यकर्त्यांना उमगेल, त्यांच्या राज्यात गरिबाला आपले परडे झाडताना भीती वाटणार नाही.