टेट्रिस : चौतीस वर्षांनी गाठलेला शेवट

वरून पडणारे ठोकळे फट न ठेवता रचायचे. ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते आणि ढीग माथ्याला भिडला की डाव संपतो. 'टेट्रिस'चे नियम एवढेच. मॉस्कोतील सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सेई पाजितनोव्ह यांनी १९८४ साली हा खेळ 'इलेक्ट्रॉनिका ६०' या संगणकावर तयार केला. त्यावर चित्रे उमटत नसल्याने ठोकळ्यांच्या जागी कंसाची चिन्हे दिसत. भारतात नव्वदच्या दशकात तो 'ब्रिक गेम' या स्वस्त खेळण्यातून घरोघरी पोहोचला. त्याचे खरे नाव अनेकांना फार उशिरा कळले.

निष्णात खेळाडू मात्र आजही निन्टेंडोने १९८९ साली एनईएस यंत्रासाठी काढलेली आवृत्तीच प्रमाण मानतात. तीही शक्यतो जुन्या, बोजड, काचेच्या नळीच्या टीव्हीवर, कारण नव्या सपाट पडद्यांवर चित्र किंचित उशिरा उमटते आणि येथे तेवढा उशीरही परवडत नाही. २०१०पासून अमेरिकेत या आवृत्तीची जागतिक स्पर्धा भरते.

या आवृत्तीत एकोणतिसाव्या पायरीवर ठोकळा वीस घरांची उंची सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांशात पार करतो. कळ दाबून धरली तर तो कडेला पोहोचण्याआधीच तळाशी बसतो. साहजिकच ही पायरी म्हणजे खेळाचा शेवट, असे वर्षानुवर्षे मानले गेले. थोर आकरलंड यांनी अंगठा थरथरवत कळ वेगाने दाबण्याच्या तंत्राने ती ओलांडली. पुढे याच तंत्राने सोळा वर्षांच्या जोसेफ सेली याने २०१८ साली सात वेळच्या विजेत्या जोनास न्यूबॉअर यांना अंतिम फेरीत हरवले. त्यानंतर 'रोलिंग' आले. यात अंगठा कळीवर नुसता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटे, तबल्यावर फिरावीत तशी, नियंत्रकाच्या पाठीवर आपटायची. या तंत्राने भिंतच कोसळली.

भिंतीपलीकडे जे होते, त्याची कल्पना मूळ रचनाकारांनीही केली नसावी. १३८व्या पायरीपासून कार्यक्रम रंगांची माहिती स्मृतीतील भलत्याच जागेवरून वाचू लागतो. १४८व्या पायरीवर ठोकळे काळ्या पार्श्वभूमीवर जेमतेम दिसतात. त्याहून घातक गुणांची आकडेमोड. हा कार्यक्रम गुणाकार करत नाही. पायरी जितकी वरची, तितक्या वेळा तो तीच बेरीज पुन्हा पुन्हा करतो. अखेर बेरीज संपण्याआधीच पुढच्या चित्राची वेळ होते, कार्यक्रमाचा पाय भलतीकडे पडतो आणि खेळ गोठतो.

२१ डिसेंबर २०२३ रोजी ओक्लाहोमातील तेरा वर्षांच्या विलिस गिब्सन याने १५७व्या पायरीवर खेळ असा गोठवला. माणसाकडून हे प्रथमच घडले. त्याआधी केवळ संगणकीय कार्यक्रम तेथवर गेले होते. त्याच महिन्यात गिब्सनच्या वडिलांचे निधन झाले होते. विक्रम त्याने त्यांना अर्पण केला.

ऑक्टोबर २०२४मध्ये मायकेल आर्टियागा हा खेळाडू, न गोठण्यासाठी दुरुस्त केलेल्या आवृत्तीवर, २५५व्या पायरीपलीकडे गेला. पायऱ्यांची मोजणी तेथे संपते आणि आकडा पुन्हा शून्यावर येतो. वेगही शून्याचाच होतो : एक घर उतरायला पाऊण सेकंदाहून थोडा अधिक वेळ.