हुद्दा आणि निवृत्तीनंतरची कमाई

सैन्यातील हुद्द्याचा निवृत्त सैनिकाच्या पुढील कमाईवर कोणता परिणाम होतो, हा प्रश्न कोल्हापूर, सातारा व बेळगाव या भरतीच्या प्रदेशात केवळ अर्थशास्त्राचा नाही. मराठेशाहीत सुभेदार हा प्रांताचा अधिकारी, तर हवालदार हा किल्ल्याचा किंवा तरफेचा कारभारी असे. पुढे कंपनी सरकारच्या देशी पलटणींत हीच नावे लष्करी श्रेणींना मिळाली. त्यामुळे हुद्दा घेऊन गावी परतणाऱ्याच्या नावामागे जुन्या मुलकी अधिकाराचा मान उभा असे. हा मान रुपयांत कितपत उतरला, हे पाहिले पाहिजे.

सुभेदार रामजी सकपाळ यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. डॉ. आंबेडकरांचे हे वडील लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. निवृत्तीनंतर दापोली व सातारा येथे राहिल्यावर, १९०१ च्या सुमारास ते खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे दुष्काळी तलावाच्या कामावर रोखपाल झाले. ही जागा हिशेब व लेखन जाणणाऱ्याची होती. तेथे हुद्द्यापेक्षा हुद्द्याबरोबर आलेली विद्या अधिक उपयोगी पडली, असे म्हणावे लागते. मात्र वडिलांना भेटावयास निघालेल्या त्यांच्या मुलांना मसूर स्थानकावर गाडीवान मिळेना. अखेर दुप्पट भाडे देऊन गाडी मुलांनीच हाकावी, या अटीवर सौदा ठरला. कमाई वाढली, तरी जातीची भिंत हुद्द्याने ओलांडली गेली नाही.

१९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि त्याची राजाराम रायफल्स ही पलटण पुढे मराठा लाइट इन्फंट्रीत सामील झाली. भारतीय सेनेत निवृत्तिवेतन हुद्दा व सेवाकाल यांवर ठरते. शिपाई सुभेदाराहून लवकर निवृत्त होतो व त्याचे निवृत्तिवेतनही कमी असते; म्हणजे दुसऱ्या नोकरीची निकड त्यालाच अधिक. उलट केंद्र सरकारच्या ‘क’ गटातील नोकऱ्यांसाठी शालान्त परीक्षा व १५ वर्षांची सेवा ही पदवीसमान मानली जाते. तेथे सेवेची वर्षे मोजतात, हुद्दा नव्हे. एकच सेवा निवृत्तिवेतनात माणसांना वेगळे करते आणि नोकरीच्या दारात एका रांगेत उभे करते.

२०२२ च्या अग्निपथ योजनेने हा प्रश्न आणखी स्पष्ट केला आहे. चार वर्षांनंतर कमाल २५ टक्के अग्निवीरच कायम होऊ शकतात. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही आणि सुभेदारपदापर्यंत चढण्यास अवकाशही नाही. त्यांच्या पुढील कमाईचा आधार गोरेगावच्या रोखपालाचा होता तोच राहील : सेवेत जे शिकले, ते.