पेटी उघडण्याआधी

बी.ए.ला आम्हाला शेक्सपिअरचं 'मॅकबेथ' होतं. शिरवाडकरांनी त्यावरून मराठीत 'राजमुकुट' लिहिलं. मॅकबेथ सरदार. त्याच्या घरी राजा पाहुणा येतो. रात्री त्याला मारलं तर गादी आपली. मॅकबेथ मनाशी हिशेब करतो : हा माझा राजा, नातलग, त्यात पाहुणा. दार राखायचं ते मी, सुरा मी कसा उचलू? नको, असं ठरवतोसुद्धा. मग बायको हिणवते, तुझ्यात हिंमत नाही म्हणते, आणि ठरलेलं मोडतं. लोक सगळा दोष तिच्यावर टाकतात. पण हाव तर तिच्याआधीच त्याच्या मनात होती ना!

हे वाचताना मला आपली प्राणहिता आठवायची. १८५८ साली मोलमपल्लीचे राजगोंड जमीनदार बाबुराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध उठले. अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना मिळाले. एप्रिलमध्ये प्राणहितेकाठी चिचगुंडीला तारखात्याच्या छावणीवर हल्ला झाला, दोन गोरे मेले. जंगलात फौजेला बाबुराव काही सापडेनात. तेव्हा कॅप्टन क्रिक्टननं अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दाब आणला. त्यांच्याच माणसांनी बाबुरावांना धरून दिलं. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. लक्ष्मीबाईंना बक्षीस मिळालं, ६७ गावं.

गावं कागदावर चढली. धरून द्यायचा हुकूम सोडण्याआधी बाईंच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, ती कोण लिहून ठेवणार? मॅकबेथला नुसती हाव होती. बाईंच्या मागे साहेबाचा धाकही होता. नाही म्हटलं असतं तर अहेरी राहिली असती का? म्हणून मी त्यांना माफ करत नाही. धाक असला तरी बक्षीस घेणारा हात आपलाच असतो. पण त्यांना नुसती शिवी देऊन पुढं जायलाही मला जमत नाही.

कारण एकदा आपल्या गटाची पेटी माझ्या घरी होती आणि पोराची फी भरायची होती. सोमवारी परत ठेवीन, कोणाला कळणार, असं मी रात्री दोनपर्यंत स्वतःला समजावत होते. किल्ली हातात होती. तेवढ्यात सासूबाई खोकल्या, "जागी आहेस का गं?" म्हणाल्या. मी किल्ली ठेवून दिली. माझ्या चांगुलपणानं नव्हे, त्या जाग्या होत्या म्हणून.

पुढच्या बैठकीत मीच सांगितलं, पेटी एकीकडे ठेवा आणि किल्ली दुसरीकडे.